पाच स्टेशनांचं तिकीट: अर्ली ॲक्सेस गेम घ्यायचा की थांबायचं

परवा रविवारी सकाळी भाचा आला सुदामा नगरहून, बारावीत आहे, बूट काढायच्या आधीच फोन नाकासमोर. "मावशी हे बघ, घोडा पाण्यावरून चालतोय." बघितलं तर खरंच, तळ्याच्या मधोमध घोडा टापटाप चाललाय आणि वर बसलेला माणूस कमरेपर्यंत घोड्याच्या आत रुतलेला. म्हटलं हे काय जादूचं आहे का, तर म्हणे नाही गं, बग आहे, गेम अजून बनतोय, पण विकायला आलाय, वाढदिवसाचे पैसे आहेत माझ्याकडे, घेऊ का?

आता घरात ही गेमवाली मावशी मीच, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात, आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न गेल्या वर्षभरात मला ऑफिसातल्या दोघांनी आणि एका मैत्रिणीनं (तिच्या मुलासाठी) विचारलाय. तर पोह्यावर जीरावन घालता घालता त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते.

अर्ली ॲक्सेस म्हणजे काय, तर बनवणारा सांगतो की बाबा गेम पूर्ण नाही, जेवढा झालाय तेवढा आज विकत घे, खेळ, बाकीचा मी बनवत राहीन आणि तुला अपडेटमधून आपोआप मिळत राहील, पुन्हा पैसे नाही. इंदूरकरांना हे समजावणं एकदम सोप्पं आहे कारण आपण आपल्या मेट्रोचा अर्ली ॲक्सेस बघितलाय. 31 मे 2025 ला मेट्रो सुरू झाली, नकाशावर साधारण 31 किलोमीटरची रिंग, आणि चालू काय झालं तर गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवरची पाच स्टेशनं, सहाएक किलोमीटर. पहिला आठवडा फुकट होती तेव्हा अख्खं गाव बसून आलं, आम्हीपण गेलो, आईला खिडकीची जागा, सेल्फी, परत त्याच गाडीनं मागे. मग तिकीट लागलं आणि सगळ्यांना प्रश्न पडला की आता बसून जायचं कुठे? राजवाडा नाही, स्टेशन नाही. पण ज्याचं घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला आहे ना, त्याच्यासाठी मेट्रो त्या दिवसापासून पूर्ण आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, तिकीट पाच स्टेशनांचं काढा, नकाशाचं काढू नका. बाकीचा लेख म्हणजे हे गेमच्या बाबतीत ओळखायचं कसं.

थोडं मागचं सांगते. ही पद्धत लोकप्रिय केली माइनक्राफ्टनं. 2009 मधे मार्कस पर्सन नावाच्या स्वीडनच्या माणसानं अर्धामुर्धा गेम विकायला सुरुवात केली, तेव्हा स्वस्त, बीटामधे (म्हणजे चाचणीच्या पुढच्या टप्प्यात) जरा महाग, आणि नोव्हेंबर 2011 ला पूर्ण म्हणून आला तेव्हा आणखी महाग. लोकांनी अर्धाच गेम लाखोंनी घेतला. ते बघून स्टीमनं, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानानं, मार्च 2013 मधे अर्ली ॲक्सेस नावाचा वेगळा विभागच काढला, सुरुवातीला बाराच गेम होते. आता तिथे इतके आहेत की कोणी मोजत बसत नाही. आपल्याकडे ज्या पबजीनं चौकाचौकात पोरं मान खाली घालून बसवली, तो कॉम्प्युटरवर आधी असाच आला होता, मार्च 2017 मधे अर्धवट, डिसेंबर 2017 ला पूर्ण. मोबाइलवाला त्याच्यानंतरचा.

बनवणारे असं का करतात यात दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक तर पैसा. गेम बनवायला तीन-चार वर्षं लागतात, तेवढी वर्षं चार-पाच जणांचे पगार कुठून काढायचे, बँक तर लोन देणार नाही, आणि जो विकला जातो त्यातलेही साधारण 30 टक्के दुकानवाला म्हणजे स्टीम ठेवतो. दुसरं कारण म्हणजे खेळणारे. ऑफिसात बसून दहा जणांनी टेस्ट केलं तर जे सापडत नाही ते एक लाख लोक एका शनिवारी शोधून काढतात. व्हॅल्हाइम हा गेम बघा, फेब्रुवारी 2021, स्वीडनमधली पाच माणसांची टीम, एका महिन्यात 50 लाख कॉपी. पाच माणसांनी एवढ्या लोकांच्या तक्रारी कशा वाचल्या असतील देव जाणे. आणि ते प्रोजेक्ट झोम्बॉइडवाले, त्यांची तर कमालच, 2011 मधे घरात चोरी झाली, लॅपटॉप गेले, त्यात गेमचा कोड, बॅकअप जुना. दुसरा कोणी असता तर दुकान बंद करून गावी गेला असता. हे 2013 मधे स्टीमच्या अर्ली ॲक्सेसमधे आले आणि इतकी वर्षं तिथेच आहेत, गेमला पूर्ण म्हणायचं नावच घेत नाहीत, आणि तरी लोक खूष आहेत कारण जे आहे तेच इतकं आहे की संपत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात येते बघा. जगायचं, घर बांधायचं, कारखाना लावायचा, मरायचं आणि पुन्हा सुरू करायचं, असले गेम अर्धवट असले तरी चालतात. कारण त्यांना शेवट असा नसतोच, आज दहा हत्यारं आहेत, पुढच्या महिन्यात बारा होतील, तुमची मजा काही अडत नाही. हेडीस नावाचा गेम डिसेंबर 2018 मधे अर्धवट आला, सप्टेंबर 2020 मधे पूर्ण, मधल्या काळात ज्यांनी खेळला त्यांना दर काही महिन्यांनी नवीन काहीतरी मिळत गेलं, कारण तो गेमच असा की पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून खेळायचा. पण गोष्ट असलेला गेम असेल तर हिशोब बदलतो. बाल्डर्स गेट 3 ऑक्टोबर 2020 ला अर्ली ॲक्सेसमधे आला तो फक्त पहिला अंक, आणि पूर्ण आला ऑगस्ट 2023 मधे. म्हणजे जवळपास तीन वर्षं मध्यंतर! नाटकाचा पहिला अंक बघून बाहेर बटाटावडा खायला आलात आणि दुसरी घंटा तीन वर्षांनी वाजली अशी गत. वर आणखी, जुने सेव्ह (म्हणजे जिथपर्यंत खेळलात ती साठवलेली प्रगती) पूर्ण गेममधे चाललेच नाहीत, सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. गेम अप्रतिम निघाला, त्या वर्षीचे मोठे पुरस्कार घेऊन गेला, पण म्हणून 2020 मधे घेणं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. किंमत तेव्हाही 60 डॉलर, नंतरही 60 डॉलर. ज्यांनी थांबून घेतला त्यांचं काय नुकसान झालं सांगा.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे पैसे परत मिळायच्या दोन तासांच्या नियमातली मेख कळेल. नाव घेत नाही, गेम एका खेड्याचा होता, तुम्ही तिथे जाता, शेती करता, लोकांची कामं करता, हळूहळू रस्ते उघडतात. व्हिडिओ इतके गोड की बघूनच घेतला. स्टीमचा रिफंडचा नियम 2015 पासून आहे तो असा: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, कारण विचारतात पण अडवत नाहीत, अर्धवट गेमलासुद्धा हाच नियम. मला वाटलं वा, आपण सेफ आहोत. पहिले दोन तास काय सांगू, स्वर्ग. पावसाचा आवाज, म्हातारीची भाजी, कोंबड्या. मी दोन रात्री बसले, लॅपटॉप पाटावर, खाली दोन पुस्तकं घालून म्हणजे हवा खेळती राहील. तिसऱ्या रात्री साधारण अकराव्या तासाला नदीवरचा पूल दुरुस्त झाला आणि मी पलीकडच्या गावात शिरले. तर पलीकडे गाव म्हणजे राखाडी चौकड्यांची जमीन, घरांना दारं आहेत पण उघडत नाहीत, आणि लोहाराच्या दुकानात लोहार दोन्ही हात आडवे पसरून उभा, शेतातल्या बुजगावण्यासारखा, डोळे उघडे, हलत नाही. त्याच्याजवळ जाऊन बटण दाबलं तर खाली एक ओळ आली, 'इथे संवाद येईल'. मी त्या लोहाराकडे पाच मिनिटं बघत बसले. कोणी माझ्याकडे आशेनं बघावं आणि त्याला तोंडच नसावं असं झालं. त्यानंतर दोन अपडेट आले, एकात कोंबड्यांचे रंग वाढवले, दुसऱ्यात काय होतं आठवत नाही, आणि मग सगळं शांत. लोहार अजून तिथेच उभा असणार.

यात मेख कुठे आहे ते बघा. गेमची सुरुवात ही नेहमी सगळ्यात घासून पुसून केलेली असते, कारण प्रत्येक खेळणारा तिथूनच जातो, प्रत्येक तक्रार आधी तिथलीच येते, व्हिडिओ तिथलेच बनतात. रिकामपण असतं ते दहाव्या, विसाव्या तासाला. आणि रिफंडचं दार दुसऱ्या तासाला बंद. म्हणजे गेम चालू होतो का, लॅपटॉप झेपतो का, हे तपासायला ते दोन तास छान आहेत, गेम पुढे आहे का हे त्यातून कधीच कळत नाही. शिवाय घड्याळ नुसतं खेळण्याचं नाही, गेम उघडा ठेवून तुम्ही दूध तापवायला गेलात आणि दारात शेजारच्या काकू भेटल्या तर तीही पंचवीस मिनिटं मोजली जातात. (काकूंना रिफंड नाही.)

लॅपटॉपचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे हा मुद्दा फार मोठा आहे आणि बाहेरचे व्हिडिओवाले तो बोलतच नाहीत. अर्धवट गेम मशीन जास्त खातो. का, तर गेम हलका करणं, म्हणजे ऑप्टिमाइझ करणं, हे बरेच बनवणारे शेवटासाठी ठेवतात आणि त्यांचंही चूक नाही, जी भिंत पुढच्या महिन्यात पाडायचीच आहे तिला रंग कोण देतो? त्यामुळे तोच गेम पूर्ण झाल्यावर तुमच्या चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर नीट चालू शकतो, पण आज पंखा हेलिकॉप्टरसारखा फिरेल आणि चित्र अडखळेल. आणि अपडेट! छोटं अपडेट म्हणून कधी दोन जीबी येतं कधी वीस, ज्याचं नेट हॉटस्पॉटवर चालतं त्यानं हेपण पैशात धरावं. भाचा हॉटस्पॉटवाला आहे. त्याच्या बाबांच्या फोनचा.

बुडतात ते गेम का बुडतात हे आता. लोकांना वाटतं लबाड असतात म्हणून, तसे असतातही, पण बहुतेक वेळा गोष्ट साधी असते, पैसे संपतात. पहिल्या महिन्यात जी विक्री व्हायची ती होते, मग उतार लागतो, पण काम मात्र तेवढंच राहिलेलं. डबल फाइनसारख्या नावाजलेल्या स्टुडिओचा स्पेसबेस डीएफ-9 हा ऑक्टोबर 2013 ला आला, विक्रीतून पुढच्या कामाचा खर्च निघेना, तर वर्षभरानं ठरवलेल्या कितीतरी गोष्टी सोडून देऊन त्यालाच 1.0, म्हणजे पूर्ण गेम, म्हणून मोकळे झाले. लोक चिडले. पण यातून हे कळलं की 1.0 हा काही आयएसआय मार्क नाही, कोणी तपासायला येत नाही, बनवणाऱ्यानं पूर्ण म्हटलं की पूर्ण.

मोठी कंपनी आहे म्हणजे निश्चिंत असंही नाही, आणि याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे कर्बल स्पेस प्रोग्रॅम. यातला पहिला गेम मेक्सिकोतल्या एका मार्केटिंग कंपनीच्या माणसांनी बनवला, ज्यांचा गेमशी काही संबंध नव्हता, 2011 पासून थोडा थोडा करत 2015 ला पूर्ण केला, रॉकेट बांधा, उडवा, फुटलं तर पुन्हा बांधा, आणि तो खेळून कितीतरी पोरांना कक्षा म्हणजे काय ते शाळेपेक्षा चांगलं कळलं. मग दुसरा भाग. मागे टेक-टूसारखी बलाढ्य कंपनी, फेब्रुवारी 2023 मधे अर्ली ॲक्सेस, किंमत 50 डॉलर, आणि आश्वासनं काय तर परग्रहावर वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, मित्रांबरोबर खेळणं. पहिल्या दिवशी यातलं काहीच नव्हतं, वातावरणात परत येताना रॉकेट तापतंसुद्धा नव्हतं, जे पहिल्या भागात होतं. 2024 मधे बनवणाऱ्या टीमची नोकरकपात झाली, अपडेट थांबले, आणि गेम मात्र दुकानात विकायला तसाच. म्हणजे बघा, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी पूर्ण केला आणि ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांनी सोडला. आणि द डे बिफोर तर विचारूच नका, 7 डिसेंबर 2023 ला आला, 11 डिसेंबरला स्टुडिओनं जाहीर केलं की आम्ही बंद होतोय. चार दिवस! आपल्याकडे लग्नाचा मांडव त्याच्यापेक्षा जास्त टिकतो. तिथे निदान लोकांना पैसे परत मिळाले, पण ते प्रकरण गाजलं म्हणून. माझ्या लोहारासाठी कोणी आवाज उठवला नाही.

मग बघायचं काय? मी स्वतः गेमचं पान उघडलं की व्हिडिओ बघतच नाही, आधी निळ्या चौकटीत जाते. स्टीमवर प्रत्येक अर्धवट गेमच्या पानावर ती असते, त्यात बनवणाऱ्याला उत्तरं द्यावी लागतात की अर्ली ॲक्सेस का, किती दिवस चालणार, आज गेममधे काय आहे, पूर्ण झाल्यावर काय वेगळं असेल, किंमत वाढणार का. आणि वर स्टीमनंच लिहिलेलं असतं की हा गेम बदलेल किंवा बदलणारही नाही, आज आहे तसा खेळायला आवडणार नसेल तर थांबा. दुकानदारच गल्ल्यावर बसून सांगतोय घेऊ नका, आणि आपण ती ओळ ओलांडून पेमेंटवर जातो. त्यातलं 'आज काय आहे' हे उत्तर लांब आणि ठोस असेल, इतके नकाशे, इतके तास, इतकी पात्रं, तर मला बरं वाटतं. 'पुढे काय' हे लांब आणि 'आज काय' दोन ओळीत असेल तर मी पान बंद करते.

मग अपडेटचा इतिहास. तारखा बघायच्या, मजकूर नंतर. दर महिन्या-दोन महिन्याला काहीतरी येतंय, भले लहान असेल, तर घरात माणसं आहेत असं समजायचं. सहा महिने काही नाही आणि मग एकदम एक मोठ्ठं भावनिक पत्र, तर सावध. फेब्रुवारी 2025 पासून स्टीमपण मदत करतं, वर्षभराहून जास्त अपडेट नसेल तर निळ्या चौकटीतच सूचना येते की शेवटचं अपडेट इतक्या दिवसांपूर्वीचं, इथली माहिती जुनी असू शकते. आणि रिव्ह्यू वाचताना फक्त अंगठा वर की खाली ते बघू नका, प्रत्येकाच्या नावाजवळ किती तास खेळला ते असतं. दोन तासवाल्याचं कौतुक माझ्या काही कामाचं नाही, तो अजून म्हातारीच्या भाजीतच आहे. मी चाळीस-पन्नास तासवाले शोधते आणि त्यातही जे ताजे आहेत ते, कारण दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू हा वेगळ्याच गेमचा असतो.

राहिली किंमत. भाच्याचं म्हणणं होतं की आत्ता स्वस्त आहे, नंतर महाग होईल. होतं असं कधीकधी, हेडीस 20 डॉलरचा 25 झाला, फॅक्टोरिओवाले तर कधी सेल लावतच नाहीत, उलट 1.0 नंतरही 2023 मधे 30 चा 35 केला. पण बाकी बहुतेक गेम पूर्ण झाल्यावर वर्षभरात कुठल्यातरी सेलमधे आजच्यापेक्षा खालीच येतात. तेव्हा पाच डॉलर वाचतील म्हणून घेणं हे कारण मला कधी पटलं नाही. मित्रांची गँग आत्ता खेळतीये, चौघं मिळून शनिवारी रात्री बसणार, हे कारण पटतं. ती गँग दोन वर्षांनी असेलच असं नाही, एक पुण्याला जाईल एक बंगळुरूला.

तर पोहे संपले आणि आम्ही दोघांनी त्या घोड्याचं पान उघडलं. अपडेट महिन्याला एक, ठीक. 'आज काय आहे' मधे एकच खोरं आणि तीन तासांची गोष्ट, 'पुढे काय' मधे अख्खा खंड, राजे, लढाया, जहाजं. गोष्टीचा गेम. हॉटस्पॉट. मी काही बोलले नाही, त्यानंच तोंड वाकडं केलं आणि विशलिस्टमधे टाकला, पैसे काही परत कपाटात गेले नाहीत, संध्याकाळी छप्पन दुकानवर खाण्यात मित्रांबरोबर गेले, तो भाग वेगळा.

काल रात्री मेसेज आला त्याचा. "मावशी, अपडेट आलं, घोडा आता पाण्यात बुडतो."

मी लिहिलं, "अरेरे, मग आता काय बघायचं त्यात?"